लेकराची पाण्याशी पहिली ओळख

"वर्षाच्या पोराला पोहायला शिकवतात म्हणे, खरं का हो?" मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून हा प्रश्न आता वस्तीतल्या आयाही विचारू लागल्या आहेत. तान्हे बाळ पाण्यात सोडलेले असते, ते पाठीवर तरंगते आणि भोवतालची माणसे टाळ्या वाजवतात. पाहणाऱ्याला वाटते, मूल जन्मतःच पोहणारे असते, आपणच त्याला भिववून ठेवतो. यातले थोडे खरे आहे आणि बरेचसे धोक्याचे आहे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

तान्ह्या बाळाच्या तोंडावर पाणी आले की ते क्षणभर श्वास रोखते आणि हातपाय हलवते. ही शरीराची जन्मजात प्रतिक्रिया आहे. साधारण सहा महिन्यांनंतर ती ओसरू लागते. तिला पोहणे म्हणता येत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर काढून श्वास घेणे त्या वयात जमतच नाही. बाळाला पुन्हा पुन्हा बुडवून 'सवय' लावू पाहणारे लोक आहेत. तसे केले की बाळ पाणी गिळते. फार पाणी पोटात गेले तर रक्तातील मिठाचे प्रमाण घटते, बाळ सुस्त होते, ओकते, कधी झटकेही येतात. बाळ रडत असताना त्याला पाण्याखाली नेणारा शिक्षक कितीही नावाजलेला असो, तिथून उठून यावे.

मग शिकवणी घ्यावी की नाही? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी सांगत असे की चार वर्षांच्या आत पोहण्याच्या शिकवणीची घाई नको. २०१० साली तिने हा सल्ला बदलला. एक ते चार वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात शिकवणी घेतलेल्या मुलांचा बुडण्याचा धोका कमी दिसला होता. अभ्यास लहानसा होता, तरी दिशा स्पष्ट होती. आता सल्ला असा आहे की मूल आणि पालक तयार असतील तर एक वर्षानंतर सुरुवात करता येते. एक वर्षाच्या आतील बाळांना मात्र शिकवणीमुळे बुडण्यापासून संरक्षण मिळते, असा पुरावा नाही. त्या वयात आईच्या कुशीत पाण्याचा आनंद घ्यावा, इतकेच.

ही शिकवणी असते तरी कशी? परदेशात रेड क्रॉससारख्या संस्था आईबाप आणि मूल यांचे एकत्र वर्ग चालवतात. साधारण अर्ध्या तासाचा वर्ग. आठ-दहा पालक कमरेइतक्या किंवा छातीइतक्या पाण्यात गोल करून उभे राहतात, प्रत्येकाच्या हातात आपापले लेकरू. शिक्षक मुलाला हातही लावत नाही, तो पालकाला शिकवतो. मुलाला काखेखाली दोन्ही हातांनी धरायचे, तोंड आपल्याकडे, आपले खांदे पाण्यात, म्हणजे मुलाचे डोळे आणि आपले डोळे एका पातळीवर येतात. आई उंच आणि मूल खाली असे झाले की मूल घाबरते. मग बडबडगीत म्हणत मागे मागे चालायचे. पाय मारायचे. पाण्यावर फुंकर घालून बुडबुडे काढायचे. हा खेळ वाटतो, पण तोंड पाण्याजवळ आले की श्वास आत न ओढता बाहेर सोडायचा, हा पोहण्याचा पहिला धडा त्यात आहे. मग मुलाचे डोके आपल्या खांद्यावर टेकवून त्याला पाठीवर पडू द्यायचे. पाठीवर पडणे बहुतेक मुलांना आवडत नाही. तिथे जबरदस्ती करायची नाही, पुढच्या वेळी पुन्हा पाहायचे.

या वर्गातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा पोहण्याचा नाहीच. मूल काठावर बसते. आई "एक, दोन, तीन" म्हणते, मूल तिच्या हातात उतरते, ती त्याला लगेच वळवून काठाकडे तोंड करून देते आणि मूल काठ पकडते. मग हाताला हात लावत काठाकाठाने माकडासारखे सरकायचे. शेवटी वर चढायचे : एक कोपर, दुसरे कोपर, पोट, गुडघा. हेच पुन्हा पुन्हा, पन्नास वेळा. यातून दोन गोष्टी मुलाच्या अंगात मुरतात. पहिली, कोणी हाक मारल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही. दुसरी, पाण्यात पडलोच तर वळायचे आणि काठ धरायचा. दोन वर्षांच्या मुलाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. अमुक इतके वर्ग घेतले की मूल पाण्यापासून सुरक्षित झाले, असे कोणी सांगत असेल तर तो खोटे सांगतो. शिकवणी घेतलेले मूलही हाताच्या अंतरावरच हवे. मूल हात लांब करून पकडता येईल इतके जवळ, आणि पकडणाऱ्याच्या हातात मोबाईल नाही.

आता आपल्याकडचे बोलू. आपल्यापैकी किती आयांना पोहता येते? किती बापांना? आपल्या आज्यापणज्यांनी पोहणे का शिकले नाही, याचे उत्तर त्यांच्या भित्रेपणात नाही. गावातली पोरे पोहायला शिकत ती विहिरीत नाहीतर तळ्यात, आणि ज्या पाण्याला हात लावायची बंदी, त्या पाण्यात उडी कोण मारू देणार? १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, त्यावर महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन त्या तळ्यावर जावे लागले. तो लढा ओंजळभर पाण्याचा आणि माणूसपणाचा होता. पोहणे तर फार पुढची गोष्ट.

अमेरिकेतही असेच घडले आहे. तिथे गोऱ्यांच्या जलतरण तलावात काळ्यांना मज्जाव असे. कायद्याने तो मज्जाव उठला, तेव्हा मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने आपले तलाव सर्वांना खुले करण्याऐवजी बंदच करून टाकले, आणि १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालवूनही घेतले. त्याची किंमत आजही मोजली जाते. दहा ते चौदा वर्षांच्या काळ्या मुलांचे जलतरण तलावात बुडून मरण्याचे प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या सातपटीहून अधिक आहे, असे तिथली सरकारी आकडेवारी सांगते. आईबापांना पोहता येत नाही, म्हणून ते लेकरांना पाण्यापासून दूर ठेवतात, म्हणून लेकरेही शिकत नाहीत. ही साखळी आपल्या ओळखीची आहे. म्हणूनच आईबाप आणि मूल यांचा एकत्र वर्ग मला आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात आईची भीतीही पाण्यात उतरते.

अर्थात असे वर्ग आपल्या आवाक्यात सहसा नसतात. ते मोठ्या शहरांतल्या खासगी तलावांवर चालतात आणि फी ऐकूनच माणूस मागे फिरतो. पण महापालिकांचे तलाव आपलेही आहेत. मुंबईत दादरला शिवाजी पार्कजवळ आहे, चेंबूरला आहे, कांदिवलीला आहे. पुण्यात, नागपुरात, इतर शहरांतही आहेत. तिथे वयाची आणि उंचीची अट असते, त्यामुळे तान्ह्या लेकराला बहुधा प्रवेश मिळणार नाही. तरी खिडकीवर जाऊन विचारावे : लहान मुलांचा उथळ तलाव आहे का, पालकासोबत सोडतात का, बायकांची वेगळी वेळ आहे का, सवलत कोणाला मिळते. दहा बायका मिळून गेल्या तर उत्तर लवकर मिळते, हा अनुभव रेशनच्या दुकानापासून सगळीकडचा आहे. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की मात्र कंटाळा करू नका. जागतिक आरोग्य संघटनाही सहा वर्षांपुढील मुलांना पोहणे आणि पाण्यातील सुरक्षितता शिकवा, असे सांगते. मुलगा-मुलगी भेद न करता. मुलींना आपण पाण्यापासून दूर ठेवतो आणि पुढे त्याच मुली नदीवर, तलावावर धुणे घेऊन जातात.

लहान लेकराला तलावात नेण्याचा योग आलाच तर काही गोष्टी पाहाव्यात. पाणी कोमट हवे, बाळासाठी साधारण ३२ अंश. मोठ्यांच्या तलावाचे पाणी याहून गार असते आणि लहान शरीर भराभर गारठते. ओठ निळसर झाले, हनुवटी थरथरली की लगेच बाहेर काढून कोरडे करावे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरे. जुलाब लागलेले मूल तलावात नेऊ नये, थांबल्यावरही दोन दिवस जाऊ द्यावेत. क्लोरीनने सगळे जंतू लगेच मरत नाहीत. फिट येणारे, हृदयाचा आजार असलेले किंवा कान वाहणारे मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आईने ओढणी, साडी, सैल सुती पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरू नये. ओला कपडा जड होतो आणि पायात अडकतो. अंगाबरोबर बसणारी लेगिंग आणि नायलॉनचा टी-शर्ट चालतो, बहुतेक तलावांवर आता पूर्ण अंगाचा पोहण्याचा पोशाखही चालतो. दंडात घालायचे फुगे आणि हवेची चाके ही खेळणी आहेत, ती जीव वाचवत नाहीत. बाळाच्या गळ्यात घालायची फुगवलेली रिंग तर घेऊच नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली तिच्याबद्दल इशारा दिला होता, कारण तिच्यामुळे बाळ दगावले होते.

तलाव नसला तरी घरी अंघोळीच्या वेळी सुरुवात करता येते. मगातले पाणी हळूच डोक्यावरून ओतताना आधी "एक, दोन, तीन" म्हणावे, म्हणजे मूल तीनला डोळे मिटून तोंड बंद करायला शिकते. वाटीतल्या पाण्यावर फुंकर घालायला लावावी. टबात बसवले असेल तर एक हात कायम मुलाला लागलेला हवा. दार वाजले, फोन आला, दूध उतू गेले, काहीही झाले तरी मुलाला उचलून सोबत न्यावे.

कारण आपल्या लेकरांना खरा धोका जलतरण तलावात नाही, मोरीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. भारतात २०२२ साली बुडून झालेल्या मृत्यूंची सरकारी नोंद ३८ हजारांवर आहे. नदी, विहीर, समुद्र यांची भीती सगळ्यांना असते. बादलीची कोणाला नसते. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले की तोल पुढे जातो, आणि हातांनी रेटून परत वर येण्याची ताकद त्याच्यात नसते. चार बोटे पाणीही पुरते. आणि बुडणारे मूल ओरडत नाही. नाकातोंडात पाणी गेल्यावर आवाज निघतच नाही. शेजारच्या खोलीत पोळ्या लाटणाऱ्या आईला काहीच ऐकू येत नाही. तिला दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

वस्तीत पाणी तासाभरासाठी येते, म्हणून प्रत्येक घरात निळे पिंप, हंडे, बादल्या, टब भरून ठेवावे लागतात. ज्यांच्या घरी चोवीस तास नळ आहे त्यांना हा धोका कळणार नाही. पिंपाला घट्ट बसणारे झाकण हवे आणि झाकणावर वजन. नुसती फळी किंवा कापड नको, मूल त्यावर भार देते आणि आत जाते. झाकणाने डेंग्यूचे डासही थांबतात, म्हणजे एका खर्चात दोन कामे. वापरलेली बादली लगेच रिकामी करून पालथी घालावी. भरलेली बादली ओट्यावर किंवा मोरीच्या दाराआड. दाराला कडी वरच्या बाजूला, मुलाचा हात पोहोचणार नाही अशी. पिंपाशेजारी स्टूल, डबा, वीट ठेवू नये, कारण दोन वर्षांचे मूल त्याचा जिना करते. बांधकामाच्या साइटवर कामाला जाणाऱ्या आयाबापांनी तिथला पाण्याचा हौद आणि खोदलेले खड्डे आधी पाहून घ्यावेत. आणि ६ डिसेंबरला लेकरे घेऊन चैत्यभूमीला जातो, तेव्हा दर्शनानंतर पाय भिजवायला चौपाटीवर उतरताना लहान मुलाचे मनगट मोठ्याच्या हातात असावे. बोट धरलेले मूल निसटते.

तरीही प्रसंग आलाच तर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. मुलाला पाय धरून उलटे फिरवू नका, माठावर पालथे घालू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी उलटून श्वासनळीत शिरते. मूल कठीण जागेवर उताणे ठेवा. हाक मारा, तळव्यावर टिचकी मारा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून दवाखान्यात न्या. श्वास नसेल तर आरडाओरड करून माणसे गोळा करा, एकाला १०८ वर फोन करायला लावा आणि स्वतः श्वास द्यायला लागा. बुडालेल्या मुलाला सर्वांत आधी हवा लागते. डोके किंचित मागे, हनुवटी वर. तान्हे बाळ असेल तर त्याचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाका, मोठ्या मुलाचे नाक चिमटीत धरून तोंडाने फुंका. छाती वर येताना दिसेल इतकीच फुंकर, दोन ते पाच वेळा. मग छातीच्या मधोमध दाब : बाळाला दोन्ही अंगठ्यांनी, मोठ्या मुलाला तळहाताच्या टाचेने, छातीच्या जाडीचा तिसरा हिस्सा आत जाईल इतका, सेकंदाला जवळजवळ दोन या वेगाने. तीस दाब, दोन श्वास, आणि पुन्हा. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. मूल रडू लागले, डोळे उघडले, तरी दवाखान्यात न्यायचेच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते. हे वाचून हात बसत नाही. जवळच्या आरोग्य केंद्राकडे किंवा अग्निशमन दलाकडे विहारात प्रात्यक्षिक घेण्याची मागणी करावी.

शेवटची गोष्ट बांगलादेशातली. तिथे घरोघरी तळी आणि डबकी, आणि आई कामात असते त्या सकाळच्या वेळात लेकरे बुडायची. त्यांनी 'आंचल' नावाची पाळणाघरे काढली. गावातलीच एखादी प्रशिक्षित बाई सकाळी नऊ ते एक या वेळात एक ते पाच वर्षांची मुले सांभाळते. चार वर्षांपुढील मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा मांडव बांधून पोहायला शिकवतात. पाळणाघरात येणाऱ्या मुलांमध्ये बुडून मरण्याचे प्रमाण आठ दशांशाहून अधिक घटले. त्याला ना मोठी इमारत लागली ना यंत्र. आपल्याकडे अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुले बसतात, त्याखालची घरीच असतात, आणि तीच सर्वांत जास्त धोक्यात. सरकारच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येते; आपल्या वस्तीत ते का नाही, हे सेविकाताईंना आणि नगरसेवकांना विचारावे.

ते होईपर्यंत आपल्या हातात विहार आहे. नळ येतो त्या तासाला प्रत्येक घरातली आई हंड्याकळश्यांत गुंतलेली असते आणि दारात भरलेल्या बादल्या असतात. त्याच तासाला महिला मंडळाने विहाराचे दार उघडावे. एक सतरंजी, थोडी खेळणी, पाळीपाळीने दोन बायका. दाराशी एक वही : कोणाचे लेकरू, कोणी आणून सोडले, कोणी परत नेले. पाणी भरून झाले, पिंपाची झाकणे बसली, की लेकरू घरी.